स्टाईल सारखी बदलतेय, आणि आता शिकवावंसं वाटतंय. एटीडी करू की एमएफए?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, मी इथलं नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

मी कोल्हापुरात बीएफए पेंटिंग, म्हणजे चित्रकलेची पदवी, केलं. कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्याला लँडस्केप चुकत नाही, ते तुम्हाला माहितीच असेल. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, रविवारी सकाळी बोर्ड काखेत मारायचा आणि ऊन वर चढायच्या आत एक तरी वॉटरकलर पूर्ण करायचं. ते मला जमत होतं, आवडतही होतं, कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. पण तिसऱ्या वर्षानंतर काय झालं कोण जाणे, पाणी आणि प्रकाश रंगवायची ओढच कमी झाली. मग मी घरातल्या वस्तू चारकोलमध्ये काढायला लागले, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, आजीची ट्रंक, सगळं मोठ्या कागदावर आणि काळंकुट्ट. ते वर्षभर चाललं. मग आजीची जुनी वाकळ हातात आली आणि तिचे टाके बघता बघता वाटलं की ही रेघच आहे की, म्हणून कॅनव्हासवर कापडाचे तुकडे लावून वरून दोरा मारायला लागले. सुरुवातीला त्यात बाईची आकृती असायची, आता तीही गेली. आता फक्त तुकडे, टाके आणि मधली रिकामी जागा.

मध्ये मुंबईला एका गॅलरीत पोर्टफोलिओ दाखवला. ते म्हणाले हे तीन वेगवेगळ्या माणसांचं काम वाटतंय, आधी एक काय ते ठरवा. तेव्हापासून मन खट्टू आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घराशेजारच्या एका हॉलमध्ये मी शनिवारी-रविवारी मुलांचा चित्रकलेचा क्लास घेते. सुरुवात पैशासाठी केली होती हे खरं, पण आता आठवडाभर डोक्यात तोच क्लास असतो. एक मुलगा फक्त ट्रॅक्टर काढतो, दुसरं काहीच नाही. मी त्याला थांबवलं नाही, तर आता त्याच्या ट्रॅक्टरच्या मागे शेत आलंय, उसाची मोळी आलीय, आणि परवा ट्रॉलीवर बसलेली त्याची आईपण आली. ते बघून मला जो आनंद झाला तो स्वतःचं चित्र पूर्ण झाल्यावर हल्ली होत नाही.

घरून आईचं म्हणणं एटीडी कर आणि शाळेत चिकट. कॉलेजचे सर म्हणतात एमएफए, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, कर, नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा दे, कॉलेजात शिकव. आणि मला भीती वाटते की स्वतःच्या कामाचंच अजून ठरलेलं नाही तर मी दुसऱ्याला काय शिकवणार? आणि शिकवायला लागल्यावर स्वतःचं काम बंद पडलं तर? या वाटेवरून गेलेल्या कुणी असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

चित्रकलाबाई

अगं, छान लिहिलंस. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे, आयुष्य त्यातच गेलं म्हण, त्यामुळे शाळेपुरतं सांगते.

शाळेत शिकवायचं तर एटीडी, म्हणजे कला शिक्षक पदविका. दोन वर्षांची आहे, कला संचालनालयाच्या अखत्यारीत. बीएफए झालेली मुलं म्हणतात आम्ही एवढी पेंटिंगं केली, आता आम्हाला परत काय शिकवणार. पण एटीडीत पेंटिंगपेक्षा वेगळी गोष्ट शिकवतात. पाठ घ्यावे लागतात, पाठ टाचण लिहावं लागतं, फळ्यावर खडूने सगळ्या वर्गाला दिसेल असं रेखाटन झटपट करावं लागतं. चाळीस-पन्नास मुलांसमोर पस्तीस मिनिटांच्या तासात काय होतं आणि काय होत नाही हे तिथे कळतं. पंधरा मुलांच्या हौशी क्लासमध्ये हे कळत नाही, कारण तिथे आवड असलेलीच मुलं येतात. शाळेत मागच्या बाकावर बसलेला, वही न आणलेला, रंगपेटी परवडत नसलेला मुलगाही तुझाच असतो, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्याच मुलांत जास्त रमला.

आता नोकरीचं. मी गोड बोलून फसवणार नाही, अनुदानित शाळांतली कलाशिक्षकाची पूर्णवेळ पदं फार कमी झालीत. माणूस निवृत्त होतो आणि ती जागा भरली जाईलच असं नसतं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 100 च्या वर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन शिक्षक द्यायचा असं लिहिलंय, पण अंशकालीन म्हणजे मानधन, त्यावर घर चालत नाही. खासगी इंग्लिश मीडियमच्या शाळा बीएफए बघून घेतात, तिथे पगार शाळेगणिक बदलतो, जाहिरात आणि करार नीट वाचून मगच सही कर.

आणि कलाशिक्षक म्हणजे नुसता चित्रकलेचा तास नव्हे. फलकलेखन, गॅदरिंगची स्टेज सजावट, पंधरा ऑगस्टची रांगोळी, पाहुण्यांच्या नावाचे बोर्ड, सगळं तुझ्याकडे येणार. शिवाय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव मार्क मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3, त्यामुळे नववीत पालकांची एकदम गर्दी होते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं घोटून घ्यायचं. मला या परीक्षांचा राग नाही, खेड्यातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिला चांगला ब्रश याच परीक्षेमुळे आला. पण परीक्षेचं चित्र आणि मुलाचं स्वतःचं चित्र या दोन गोष्टींना वर्षात वेगवेगळा वेळ द्यावा लागतो. तसा दिला नाही तर तुझा तो ट्रॅक्टरवाला मुलगा दोन महिन्यांत बरणी, पेरू आणि मागे पडदा काढायला लागेल.

स्वतःच्या कामाचं विचारलंस. बंद पडत नाही, पण लहान होतं. मी मोठे कॅनव्हास सोडले आणि वहीत काम करायला लागले. तुझं टाक्यांचं काम तर मांडीवर घेऊन करता येतं, ते शाळेबरोबर चालेल.

बडोदेकर

बाईंनी शाळेचं सगळं नीट सांगितलंय, मी स्टाईलच्या मुद्द्यावर लिहितो कारण तो वाचून मला जरा रागच आला (गॅलरीवाल्यांचा, तुझा नाही).

मी मूळचा नाशिकचा, एमएफएसाठी बडोद्याला आलो आणि इथेच राहिलो. इथली फाईन आर्ट्स फॅकल्टी 1950 ला सुरू झाली आणि पेंटिंगचा पाया घातला तो ना. श्री. बेंद्र्यांनी. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. इंदुरात लँडस्केप, मग मुंबईतून जी.डी. आर्ट ही कलेची पदविका, मग बडोद्यात येऊन क्युबिझमकडे, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडण्याकडे, वळले, आणि 1966 मध्ये इथून मुंबईला गेल्यावर पुढे ठिपक्याठिपक्यांनी रंगवायला लागले. यातली कुठली स्टाईल बेंद्र्यांची? सगळ्याच की. आणि गंमत ही की त्यांच्या हाताखालचे ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख, या तिघांचं काम एकमेकांसारखं नाही आणि बेंद्र्यांसारखंही नाही. मला वाटतं ज्या मास्तराने स्वतः चारदा दिशा बदलली त्याला विद्यार्थ्याची वेगळी दिशा बघून धसका बसत नाही. एकच एक शैली घट्ट धरून बसलेल्यांच्या वर्गातून बऱ्याचदा त्यांच्याच छोट्या आवृत्त्या बाहेर पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

के. जी. सुब्रमण्यनसुद्धा इथेच शिकवायचे. तैलरंग, टेराकोटा, काचेमागून रंगवलेली चित्रं, लखनौच्या रवींद्रालयाचं ते प्रचंड म्युरल, आणि त्याच हातांनी फॅकल्टीच्या फेअरसाठी लाकडा-मण्यांची खेळणी. खेळणी कमी दर्जाची आणि म्युरल मोठं असा भेद त्यांनी केलेला दिसत नाही. तुझ्या वाकळेकडे बघायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

देवळालीकरांचेच दुसरे विद्यार्थी म्हणजे विष्णू चिंचाळकर, इंदूरचे गुरुजी. चांगली नावाजलेली पेंटिंगं करत होते, पुढे वाळकी पानं, काटक्या, फुटक्या वस्तू यांतून आकार शोधायला लागले आणि ते करता करता मुलांमध्ये गेले. त्यांच्या बाबतीत शैली बदलणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्याच नाहीत. ट्रॅक्टरचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले.

मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचं बघायचं तर चित्रकार पळशीकर सर स्वतःच्या चित्रात सतत शोधत राहिले आणि तिथेच शिकवत अधिष्ठाता झाले. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते 1972 ते 1994 जेजेत शिकवत होते, आणि त्या काळात पेंटिंग काही थांबलं नाही, उलट पॉल क्ली या युरोपातल्या चित्रकाराच्या प्रभावातून बाहेर पडून स्वतःचं अमूर्त काम त्यांनी त्याच वर्षांत उभं केलं. खुद्द क्लीने 1921 ते 1931 बाऊहाऊस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकवलं, वर्गासाठी काढलेल्या टिपणांची हजारो पानं मागे ठेवली. मुलांना रेघ समजावून सांगायची म्हटल्यावर स्वतःलाही ती नव्याने बघावी लागते, हा अनुभव तू आत्ता शनिवारी घेतेयसच.

प्रॅक्टिकल सांगायचं तर कॉलेजात शिकवायला एमएफए किंवा एमव्हीए, 55 टक्के, आणि दृश्यकला विषयात नेट. दोन वर्षांचा कोर्स. मी तुझ्या जागी असतो तर एमएफए केलं असतं, पण नोकरीसाठी नाही, त्या दोन वर्षांत बरोबरीची पोरं तुझ्या कामावर जे भांडतात त्यासाठी.

पन्हाळा_वारा

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नये. मी पूर्णवेळ चित्रकार आहे, कोल्हापुरातच. इथलेच जुने चित्रकार अबालाल रहिमान जेजेत शिकून परत आले आणि कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहून तोच परिसर वर्षानुवर्षं रंगवत बसले. एकाच तळ्याकडे आयुष्यभर बघणं यालाही ताकद लागते, नुसता बदल म्हणजे प्रगती असं बडोदेकरांच्या लिहिण्यातून वाटू नये म्हणून हे सांगतोय. चित्रकार गायतोंड्यांनीही सुरुवातीला लघुचित्रांचा अभ्यास केला, आकृत्या केल्या, क्लीचा प्रभाव पचवला, पण एकदा अमूर्तात शिरल्यावर तिथून हलले नाहीत, वर्षाला मोजके कॅनव्हास करत खोल खोल जात राहिले. तेव्हा प्रश्न हा आहे की पोरी, तू लँडस्केप सोडलंस ते संपलं म्हणून की कंटाळा आला म्हणून? चारकोल का सोडलास? हे तुझं तुला माहीत पाहिजे.

आणि एवढ्या लवकर नोकरीत अडकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली पाच-सात वर्षं पोटाला चिमटा काढून काम करावं. शाळेत गेलेले माझे बरोबरीचे मित्र चांगले हात होते, पण जनगणना, निवडणूक आणि पेपर तपासणी यात ते हात कुठे गेले कळलं नाही.

चित्रकलाबाई

पन्हाळा_वारा, तुमचं तळ्याचं बोलणं पटलं. पण पोटाला चिमटा काढायला घरात थोडंफार तरी असावं लागतं, आणि मुलगी असेल तर घरचे पाच-सात वर्षं थांबतातच असं नाही, हे तुम्हालाही माहिती आहे. पगार हातात असला की लग्नाच्या गोष्टीत तिचं म्हणणं ऐकलं जातं. माझं ऐकलं गेलं ते त्यामुळेच. आणि हात कुठे गेले म्हणता, ते हात मुलांत गेले. माझ्या वर्गातून गेलेली पोरं आज ॲनिमेशनमध्ये आहेत, मूर्ती करतात, साइनबोर्ड रंगवतात, एक मुलगी टेक्स्टाईल डिझाईनला गेली. हे काम दुय्यम आहे असं मला एक दिवसही वाटलेलं नाही.

कृष्णाकाठ

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मनापासून आभार. पन्हाळा दादांचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता, लँडस्केप का सोडलं हा. लँडस्केप संपलं नव्हतं, पण मी ते बक्षीस मिळेल असं काढायला लागले होते, कुठल्या कोपऱ्यात गडद हिरवा टाकला की परीक्षक थांबतात हे कळलं होतं म्हणून ते सुटलं. चारकोल मात्र सुटलं असं नाही म्हणता येणार, टाके घालताना मी अजून काळ्या-पांढऱ्यातच विचार करते. आणि आत्ता लिहिताना लक्षात येतंय की तुकड्यांमधली रिकामी जागा मी वॉटरकलरमध्ये कागद कोरा सोडायचे तशीच सोडते.

आता एक क्लासमधला प्रश्न. चौथी-पाचवीची मुलं सारखी म्हणतात, ताई तुम्हीच काढून द्या, मला येत नाही. लहान मुलं बिनधास्त काढतात, ही एवढीच मुलं अडतात. आणि पालकांना घरी न्यायला सुंदर चित्र पाहिजे असतं. काय करू?

मांडवी

गोव्यातून लिहितेय, पणजीला आल्तिन्होवरच्या आर्ट कॉलेजात शिकले, आता मुलांबरोबरच काम करते.

तुझी मुलं साधारण नऊ ते बारा वयातली, बरोबर? लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडलेत, त्यात याच वयाला मुलाला खऱ्यासारखं काढायची ओढ लागते असं आहे. त्याआधी डोकं मोठं, हात काठीसारखे, आकाश म्हणजे वर एक निळी पट्टी, आणि त्याचं त्याला काही वाटत नसतं. या वयात त्याला शेजारच्याचं चित्र दिसायला लागतं, आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे कळतं आणि तिथे पुष्कळ मुलं चित्रं काढणं कायमचं सोडतात. म्हणजे तू नेमकी त्या वळणावर उभी आहेस, आणि म्हणूनच तुझ्यासारखी बाई तिथे पाहिजे.

मी काय करते ते सांगते. मुलाच्या कागदावर मी कधीही पेन्सिल लावत नाही. अगदीच अडला तर माझ्या वेगळ्या कागदावर काढून दाखवते, तोही नंतर बाजूला ठेवते. घोडा येत नाही म्हणाला तर त्याला चार पायांवर उभं राहायला सांगते, गुडघा कुठे वाकतो ते अंगाने कळलं की रेघ आपोआप सुधारते. बघून काढायचं असेल तर वस्तू हातात देते, जास्वंद, भेंडी, चप्पल, सायकलची घंटी, फोटो देत नाही. आणि तुझ्याकडे तर कापड, दोरा, चारकोल, वॉटरकलर सगळं आहे. ज्या मुलाची रेघ अडते त्याला कापडाचे तुकडे लावायला दे, तिथे बरोबर-चूक असं नसल्याने त्याचा हात सुटतो. गॅलरीवाल्यांना ज्याची अडचण झाली तेच इथे तुझं भांडवल आहे बघ.

पालकांसाठी मी दर महिन्याला सगळी चित्रं तारखेनुसार भिंतीवर लावते, एकाच मुलाची ओळीने. ट्रॅक्टर, मग शेत, मग ट्रॉलीवरची आई. एकदा ती ओळ बघितली की सुंदर चित्राचा आग्रह कमी होतो, सगळ्यांचा नाही पण बऱ्याच जणांचा.

अजून एक, देवी प्रसाद यांच्याबद्दल शोधून वाच. शांतिनिकेतनात शिकलेले कलाकार, 1944 ला वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेले आणि 1962 पर्यंत नई तालीममध्ये, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, मुलांना कला शिकवली. स्वतः कुंभारकामही करायचे. सूतकताई, शेती, स्वयंपाक चालतो त्या शाळेत चित्रकला हा शोभेचा तास नव्हता, रोजच्या जगण्याचाच भाग होता. महाराष्ट्रात हे झालंय आणि आपल्या कॉलेजांत त्यांचं नावही फारसं निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

पन्हाळा_वारा

कृष्णाकाठ, कोरी जागा आणि काळ्या-पांढऱ्याचं जे लिहिलंस ते वाचून माझी शंका मिटली. हे एकाच माणसाचं काम आहे. शिकवायचं की नाही ते तू ठरव, पण काम थांबवू नकोस, आणि रविवारी घाटावर कधी यावंसं वाटलं तर ये, बक्षिसाचं डोक्यात न ठेवता.

कृष्णाकाठ

येते दादा. आईशी काल बोलले. यावर्षी क्लास चालू ठेवून एमएफएचे फॉर्म भरायचे, बडोदा आणि जेजे दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे नाही झालं तर एटीडी. एटीडीला मी आता नाक मुरडत नाहीये, बाईंमुळे. बडोदेकर दादा, पोर्टफोलिओत लँडस्केप ठेवू की काढून टाकू? सगळं वाकळेचंच दाखवू का?

बडोदेकर

ठेव, पण निवडून. बक्षीसवालं नको, ज्यात कागद सर्वात जास्त कोरा सोडलाय असं एखाद-दुसरं घे. मग बंब आणि ट्रंक, मग आकृती असलेलं एक कापडाचं काम, आणि शेवटी आत्ताची. क्रम काळानुसारच ठेव म्हणजे बोलताना तुला स्वतःलाच सोपं जाईल. टाक्यांच्या कामाचे फोटो तिरक्या उजेडात काढ, समोरून फ्लॅश मारला तर दोरा सपाट दिसतो आणि सगळं छापील कापड वाटतं, एक-दोन क्लोजअप हवेतच. स्केचबुकं बरोबर आण, इंटरव्ह्यूत ती चाळतात. क्लासबद्दलही सांग, पण मुलांची चित्रं पोर्टफोलिओत घालू नकोस, ती त्यांची आहेत. जेजे 2023 पासून अभिमत विद्यापीठ झालंय, त्यामुळे तिथली प्रवेशाची पद्धत आणि फी त्यांच्या वेबसाईटवरच बघ, जुन्या सीनियर्सचं ऐकून जाऊ नकोस.

चित्रकलाबाई

आणि फॉर्म भरून होईपर्यंत मधल्या काळात जवळच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून सहावी-सातवीच्या तासाला मागे बसून बघ. शक्यतो जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास माग, मुलं तेव्हाच खरी कळतात.